शंभर किलोची डेडलिफ्ट झाली, आता जिममधल्या सल्ल्यांचं काय करू?

प्रश्न: वय ४१, वजन ६२ किलो, बँकेत नोकरी. दोन वर्षांपासून जिमला जाते. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा १०० किलोची डेडलिफ्ट झाली. बार धरून वाकले होते तेवढ्यात एक काका जवळ येऊन "कंबर अजून खाली घ्या" म्हणाले. उचलून झाल्यावर दुसऱ्या एकाने सांगितलं, "पाठ वाकली होती, मणका जाईल. बायकांनी एवढं वजन मारू नये." जिमचा ट्रेनर म्हणाला, पर्सनल ट्रेनिंग घ्या. व्हिडिओ पाहिला तर पाठ थोडी गोल दिसते. माझं चुकलं का? या लोकांना काय सांगू? आणि ११० चा प्रयत्न कधी करू?

उत्तर: आधी मनापासून अभिनंदन. चाळिशी ओलांडल्यावर, नोकरी सांभाळून, स्वतःच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त भार जमिनीवरून उचलून उभं राहायचं ही मोठी गोष्ट आहे. तुमच्या प्रश्नात त्या आनंदाला एक ओळ मिळाली आणि बाकी सगळी जागा लोक काय म्हणाले यात गेली, याचं मला वाईट वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पॉवरलिफ्टिंग शिकवते आणि स्पर्धांना पंच म्हणूनही बसते, तेव्हा "चुकलं का" याचं उत्तर आधी पंचाच्या खुर्चीतून देते. स्पर्धेत डेडलिफ्टला तीन पंच असतात. तिघांपैकी दोघांनी पांढरा दिवा दिला की लिफ्ट पास. लाल दिवा कशासाठी द्यायचा ते नियमात ठरलेलं आहे. बार वर जाताना मध्येच खाली आला, शेवटी गुडघे सरळ झाले नाहीत, खांदे मागे गेले नाहीत, बार मांड्यांवर टेकवून टेकवून वर नेला, पाऊल पुढे-मागे पडलं, मुख्य पंचाने "डाउन" म्हणायच्या आत बार खाली नेला किंवा हात सोडून तो आपटला, तर लिफ्ट बाद. पाठीचा आकार कसा असावा याबद्दल तिथे काहीच म्हटलेलं नाही. बार मध्येच खाली न येता वर गेला आणि तुम्ही ताठ उभ्या राहिलात, असं मी धरून चालते. माझ्याकडून पांढरा दिवा.

पाठ कशीही असली तरी चालते, असं मात्र यातून काढू नका. नियम लिफ्ट मोजायला असतात आणि कंबर तुम्हाला पुढची तीस-चाळीस वर्षं वापरायची आहे. म्हणून व्हिडिओ पुन्हा लावा आणि दोन ठिकाणी थांबवा. बार जमिनीवरून सुटायच्या अगदी आधी, तुम्ही श्वास भरून हात ताणून तयार आहात तिथे एकदा. बार गुडघ्यापाशी आलाय तिथे दुसऱ्यांदा. कंबरेचा जो भाग लिफ्टिंगच्या पट्ट्याखाली येतो, तो दोन्ही चित्रांत साधारण सारखा दिसतोय का? दिसत असेल तर निश्चिंत राहा, वरची पाठ थोडी गोल असली तरी. खांद्यांच्या पात्यांमधला भाग जड वजनाला गोल होतो आणि चांगल्या चांगल्या लिफ्टरांचा होतो. बाहेरून अगदी सपाट दिसणारी पाठसुद्धा आतून काही अंश वाकलेलीच असते, हे प्रत्यक्ष मोजमापांतून दिसलेलं आहे. वजन जमिनीवरून सुटताना कंबर एकदम वाकली असेल, तर ते वजन तुमच्या आजच्या ताकदीच्या अगदी काठावर होतं, एवढंच समजायचं. आयुष्यातल्या सर्वांत जड एका रेपला, म्हणजे एकदा उचलण्याला, हे थोडंफार होतं. हेच रोजच्या ७० किलोच्या सेटला, म्हणजे सलग मारलेल्या काही रेपना, होऊ लागलं तर मात्र मी वजन उतरवायला सांगीन.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडीच्या मागचा भाग आणि पाठीच्या कण्यालगतचे स्नायू भरून आले असतील, तर ते नेहमीचं. दुखणं पायात खाली उतरत असेल, मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना जोर कमी वाटत असेल तर जिम थांबवून डॉक्टरांकडे जा. जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा अचानक बदलला तर त्याच दिवशी, थेट हॉस्पिटल. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या इतर कुणाला उपयोगी पडेल.

आता काकांचं "कंबर खाली घ्या". मराठी मुलखातल्या जिममध्ये हा सल्ला सगळ्यात जास्त ऐकू येतो, म्हणून त्यावर थोडी थांबते. प्रमाणित प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. तो पावलाच्या मध्यावर, नडगीपासून बोटभर अंतरावर ठेवून तुम्ही धरता. हात दोरीसारखे खाली लोंबतात आणि खांदे बारच्या किंचित पुढे येतात. या स्थितीत तुमची बैठक, म्हणजे नितंब, किती खाली असेल हे तुमच्या मांडीच्या हाडाची लांबी, धड आणि हात यांच्यावर ठरतं. मांडी लांब असेल तर बैठक उंच राहणार, पाठ जमिनीला जास्त समांतर दिसणार. बाजूला उभं राहून बघणाऱ्याला ते चुकीचं वाटतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठायचा व्यायाम, असतो. त्याचं ऐकून तुम्ही खाली बसलात की गुडघे पुढे येतात, नडगी बारला पुढे ढकलते आणि बार पावलाच्या मध्यावरून बोटांकडे सरकतो. मग ओढायला लागल्यावर शरीर आपोआप बैठक पुन्हा वर नेतं, बार मात्र पुढेच राहिलेला असतो आणि सगळा भार कंबरेवर येतो. पाठ वाचवायला दिलेला सल्ला पाठीवरच येतो तो असा. ज्यांची बैठक खरोखरच फार वर असते, पाय जवळजवळ सरळ ठेवून जे ओढतात, त्यांना हा सल्ला लागू पडतो. तुम्हाला पडतो का, हे तुमचे हलके सेट बाजूने बघितल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही.

तसाच दुसरा ठरलेला सल्ला म्हणजे "मान वर, आरशात बघा". नजर समोर जमिनीवर सहा-आठ फुटांवर ठेवली तरी पुरते. तिसरा म्हणजे "वर गेल्यावर मागे झुका". नको. ताठ उभं राहायचं, नितंब आवळायचे, संपलं. मागे झुकून काहीच मिळत नाही, उलट भारासकट कंबर मागे मुडपते.

काकांनी सांगितलं काय, यापेक्षा कधी सांगितलं ते मला जास्त खटकतं. बार धरल्यावर काय चाललेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. पोटात श्वास भरला, पट्ट्यावर पोट चहूबाजूंनी दाबलं, हात ताणले, बार प्लेटच्या भोकातली सैल जागा भरून काढून "टक्" करतो आणि मग पायांनी जमीन दाबायची. तो टक् ऐकू येण्याआधीच झटका मारला तर सगळा ताण एकदम अंगावर येतो. इतक्या बारकाव्याच्या क्षणी कुणी नवी सूचना दिली तर डोकं ती अर्धवट अमलात आणतं. सवयीचं तंत्र सोडलेलं आणि नवं आलेलं नाही, अशा अवस्थेत आयुष्यातलं सर्वांत जड वजन ओढणं यात खरा धोका आहे. म्हणून माझ्याकडे एक नियम आहे आणि तो मी सगळ्यांना पाळायला लावते. हात बारवर असताना कुणी बोललं तर बार सोडायचा, उभं राहायचं, मागे फिरायचं. पुन्हा हातांना चॉक (पकड घसरू नये म्हणून लावायची पांढरी पूड) लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. चिडून त्याच श्वासात ओढायचं नाही. त्या माणसालाही काही न बोलता कळतं की मध्ये बोललं की काय होतं.

हे लोक असं का करतात? सगळ्यांना वाईट म्हणायला मन धजत नाही. आपल्याकडे सांगण्याची रीत तालमीतून आलेली आहे. कोल्हापूरची गंगावेश असो की पुण्यातली चिंचेची तालीम, तिथे वस्ताद बोलतो आणि पोरं ऐकतात, मोठा पैलवान धाकट्याला न विचारता डाव दुरुस्त करून दाखवतो. पण वस्तादाला ठाऊक असतं की हा पोरगा सकाळी किती जोर मारून आलाय, काल काय खाल्लंय, कुठला खांदा दुखतोय. चुकीचं सांगितलं आणि पोरगं जायबंदी झालं तर ते त्याच्यावर येतं. आजच्या जिममध्ये सांगायची सवय तेवढी उरली आणि जबाबदारी गळून पडली. म्हणून सल्ला तोलताना मी एवढंच बघते की या माणसाने माझे सेट याआधी बघितलेत का, आणि उद्या माझी कंबर धरली तर तो विचारपूस करायला येणार आहे का. दोन्ही नसेल तर ऐकून सोडून द्यायचं.

"बायकांनी एवढं वजन मारू नये" हे मात्र ऐकून सोडून देण्यासारखं नाही, कारण ते तुमच्या मनात घर करून बसेल. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर सुमारे तीस किलोचा असतो. दारातून ओट्याखाली तो कोण सरकवतं? तेव्हा कुणी मणक्याची आठवण काढत नाही. मीराबाई चानूने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ४९ किलो वजनी गटात ११५ किलो डोक्यावर तोलून रौप्यपदक आणलं. त्याच्या एकवीस वर्षं आधी सिडनीत कर्णम मल्लेश्वरी कांस्य जिंकून ऑलिंपिक पदक आणणारी पहिली भारतीय स्त्री ठरली, तीही वजन उचलूनच. तुमच्या वयाला याहून कामाची गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या "लिफ्टमोर" या अभ्यासात आहे. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांना त्यांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनं उचलायला लावली. व्यायामांत डेडलिफ्ट होती, आणि पाच रेपचे पाच सेट क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या वर. या गटाच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची कमी झाली. मणका जाईल म्हणणाऱ्याने हे वाचलेलं नसतं. तुम्ही वाचून ठेवा, कारण पाळी जाण्याचा काळ तुमच्यापुढेही आहे.

याच विषयातली एक खरी अडचण मात्र बायका लाजेपोटी विचारत नाहीत. जड वजनाला लघवीचे थेंब जाणं. पुष्कळ लिफ्टर बायकांना होतं, मूल झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही. त्यासाठी लिफ्टिंग सोडायची गरज सहसा पडत नाही. ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांना दाखवा, फरक पडतो. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल तर जड वजनाआधी डॉक्टरांशी बोला. आणि चाळिशीनंतर रक्तदाब तपासलेला असू द्या, कारण श्वास रोखून ओढताना तो बराच चढतो.

लोकांना काय सांगायचं हे तुम्ही विचारलंय, तर मी काय सांगते ते लिहिते. सेटच्या मध्ये कुणी आलं तर तळहात दाखवून "सेट संपल्यावर बोलू". बहुतेक जण सेट संपेपर्यंत थांबतच नाहीत, विषय मिटतो. काकांसारख्या वडीलधाऱ्यांना "काका, तुमची काळजी कळली. माझ्या कोचशी बोलते." कोच नसला तरी चालेल, आता मी आहे. यात मान राहतो आणि पुढचं बोलणं थांबतं. "बायकांनी" असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. "मला जमलं आणि मी ठीक आहे" एवढं शांतपणे सांगून वळा. तुमची ताकद तिथे खर्ची घालायची नाही.

ट्रेनरचं वेगळं आहे. शिकवणं हे त्याचं पोट आहे आणि विचारण्यात गैर काही नाही. पण त्याला एक प्रश्न विचारा, "माझ्या लिफ्टमध्ये तुम्हाला नेमकं काय दिसलं?" ज्याला कळतं तो सांगेल की बार गुडघ्याखाली पायापासून दूर गेला, किंवा बैठक छातीच्या आधी वर आली. अशा माणसाला एखादा तास देऊन बघायला हरकत नाही. "फॉर्म सुधारायला हवा" एवढंच म्हणाला तर "सध्या नको" म्हणा.

आणि न विचारता कुणी कंबरेला, पाठीला हात लावून स्थिती दुरुस्त करायला आला, तर तो सल्ला नव्हे. जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं "हात लावू नका" म्हणा आणि जिमच्या मालकाला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. इथे भीड नको. मी शिकवतानासुद्धा आधी विचारते, आणि समोरची नको म्हणाली तर काठीने दाखवते.

तरीही न मागितलेला सल्ला कधी कधी बरोबर असतो. जाड स्पंजच्या पळायच्या बुटांत डेडलिफ्ट करू नका असं कुणी म्हणालं तर ऐका. तो तळवा दबतो आणि तोल हलतो. सपाट तळव्याचे बूट घाला, किंवा जिमची परवानगी असेल तर मोज्यांवर. दुसरं, तुमच्या जिमचा बार वजन करून घ्या. प्रमाणित बार २० किलोचा, पण गल्लीतल्या जिममध्ये १५ किंवा अधल्यामधल्या वजनाचेही असतात. घरचा वजनकाटा नेऊन बार घेऊन उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. आकडा कमी निघाला तर खचू नका, वहीत खरा आकडा लिहा आणि पुढचा हिशेब त्यावर करा. प्लेट लहान व्यासाच्या असतील तर बार जमिनीच्या जवळ जातो आणि ओढणं उलट अवघड होतं. अशा वेळी दोन्ही बाजूंना खाली रबरी मॅट किंवा आडव्या प्लेट ठेवून उंची सारखी करा.

राहिले ११०. पुढच्या आठवड्यात नाही, पुढच्या महिन्यातही नाही. पूर्ण क्षमतेचा एक रेप ही परीक्षा असते आणि परीक्षा देऊन अभ्यास होत नाही. येते दोन-अडीच महिने आठवड्यातून एकदा जड दिवस ठेवा. ७५ किलोला पाच रेपचे तीन सेट इथून सुरुवात करा आणि जमेल तसं अडीच-अडीच किलोने वर जा. दोन्ही बाजूंना सव्वा किलोच्या छोट्या प्लेट लावल्या की अडीच होतात. जिममध्ये नसतील तर स्वतःच्या घ्या, फार महाग नसतात. दुसऱ्या एका दिवशी हलकी रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून बार नडगीपर्यंतच खाली न्यायचा) आणि रोइंग (वजन पोटाकडे ओढायचा व्यायाम) करा. एखाद्या आठवड्यात वजन वाढलं नाही तर तेच पुन्हा करा. झोप नीट झाली नसेल, बँकेत महिनाअखेर असेल, तर एक सेट कमी करा.

११० कधी, याला एक सोपा हिशेब आहे. उचललेलं वजन, त्यात तेच वजन गुणिले रेप भागिले ३० मिळवलं की तुमच्या एका रेपच्या क्षमतेचा अंदाज येतो. ८५ किलोचे पाच रेप म्हणजे जवळजवळ १००. ९५ किलोचे पाच रेप म्हणजे ११० च्या थोडं वर. तेव्हा ११० चा विचार सोडा आणि ९५ चे पाच स्वच्छ रेप हे ध्येय धरा. ते आले की ११० तुमच्यात आलेलेच असतील. त्या दिवशी रिकाम्या बारपासून सुरुवात करा, मग ५० ला पाच, ७० ला तीन, ८५ ला एक, ९५ ला एक, १०२.५ ला एक, प्रत्येकीनंतर पुरेसा दम घ्या आणि मग ११०. १०२.५ ला कंबर हलली तर तिथेच थांबा. तोही नवा उच्चांकच आहे.

पकड सुटत असेल तर आधी चॉक वापरा. एक तळहात पुढे आणि एक मागे अशी पकड घेतलीत तर ज्या हाताचा तळहात पुढे आहे त्याचा कोपर कधीही वाकवू नका. दंडाचा स्नायू तिथेच फाटतो. खाण्याचं थोडक्यात, शरीराच्या दर किलोला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुम्हाला रोज १०० ग्रॅमच्या आसपास. वरण-भातावर ते होत नाही. सोयाबीन, पनीर, दही, अंडी, चालत असेल तर मासे आणि चिकन ठरवून खावं लागतं. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हा आकडा आधी डॉक्टरांना विचारा.

आणि एकदा स्पर्धेला या. जिल्हा पातळीवर होतात, फक्त डेडलिफ्टच्याही असतात. तिथे कुणी मध्ये बोलत नाही. तुमचं नाव पुकारलं की तुमच्याकडे एक मिनिट असतो आणि त्या मिनिटात फळीवर तुम्ही आणि बार. १०० किलो तिथे वेगळे दिसतात. बार २०, दोन्ही कॉलर (प्लेट अडकवून ठेवणारे चाप) मिळून पाच, आणि प्रत्येक बाजूला एक लाल २५ ची, एक १० ची आणि एक अडीचची प्लेट. नडगी झाकणारे लांब मोजे घालावे लागतात, ते आधी घेऊन त्यात सराव करा. तुमचा वजनी गट ६३ किलोचा, आणि वय चाळिशीच्या पुढे असल्यामुळे मास्टर्स-एक या वयोगटात नाव देता येईल. पहिला प्रयत्न ९० चा सांगा.